गोड विष

सोलापूरच्या उन्हात पाणी गोठत नाही. मग न गोठणाऱ्या द्रवाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मोटारीच्या रेडिएटरमधला रंगीत कूलंट तोच. थंड मुलखांत घरे उबदार ठेवणाऱ्या हीटपंपाच्या नळ्यांतूनही याच कुळीचा द्रव फिरतो. तो पाणी लवकर गोठू देत नाही, तसेच लवकर उकळूही देत नाही.

त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. चव गोड, पण पोटात गेल्यास शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते व मूत्रपिंडे निकामी होतात. त्याच्याच भाऊबंदाची, डायइथिलीन ग्लायकॉलची, ग्लिसरिनमध्ये भेसळ झाल्याने 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली.

हाच कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. दोष त्या पोराचा नव्हे. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

रीत साधी आहे. इंजिन पुरते निवू द्यावे. गरम असता झाकण उघडल्यास उकळता द्रव अंगावर उडतो. खाली घमेले ठेवून द्रव काढावा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, वर ‘विष’ असे ठळक लिहावे. जुन्या ऑइलमध्ये मिसळू नये, गटारात ओतू नये. सांडल्यास भुसा टाकून टिपावा. कुत्री तो गोडीने चाटतात. साठलेला द्रव घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यावा. कोणी चुकून प्यालाच, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हातमोजे, डबा आणि ही माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गाडी दुरुस्तीस देताना आपणही एवढे विचारावे : काढलेला कूलंट कोठे गेला?