वेब अनुप्रयोगांतील आयकॉन : चित्र आणि अर्थबोध

प्रस्तावना :
प्रवेश, परीक्षा अर्ज, गुणनोंदणी अशी महाविद्यालयीन कामे आता मोठ्या प्रमाणावर वेब अनुप्रयोगांद्वारे होतात. त्यांच्या पडद्यावर शब्दांऐवजी लहान चित्रे, म्हणजेच आयकॉन, वापरण्याकडे कल दिसतो. चित्राला भाषेची अडचण नसते, ते कोणालाही कळते, ही त्यामागील समजूत होय. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आयकॉनची पार्श्वभूमी :
डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधात संगणकाच्या संदर्भात 'आयकॉन' ही संज्ञा वापरली. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' संगणकावर कागद, फोल्डर, फाइलचा खण अशा कार्यालयीन वस्तूंची चित्रे आली. कार्यालयातील कर्मचाऱ्यांना त्या वस्तू परिचित असल्यामुळे चित्रे सहज समजली. म्हणजेच अर्थ केवळ चित्रात नव्हता. तो पाहणाऱ्याच्या अनुभवातही होता.

अर्थबोधाचे स्वरूप :
अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे साम्यावर, प्रत्यक्ष संबंधावर व रूढीवर आधारलेले असे तीन प्रकार मानले. प्रिंटरचे चित्र साम्यामुळे ओळखता येते. तीन आडव्या रेषा म्हणजे 'मेनू', हे मात्र केवळ रूढीने कळते. 'जतन करा' या क्रियेसाठीचे फ्लॉपीचे चित्र एका प्रकारातून दुसऱ्यात गेले आहे. फ्लॉपी वापरणाऱ्यास त्यातील संबंध उघड होता. परंतु सोनी कंपनीने २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. आजच्या विद्यार्थ्याला ती वस्तू ठाऊक नसते, तो चिन्ह तेवढे पाठ करतो.

भाषा निवडण्यासाठी राष्ट्रध्वज दाखविण्याची पद्धतही सदोष आहे. ध्वज देशाचा असतो, भाषेचा नव्हे. तिरंग्यावरून मराठी, हिंदी की तमिळ, हे ठरविता येत नाही. 'मराठी' हा शब्दच तेथे योग्य ठरतो.

भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांच्या सोयीसाठी निवडणूक चिन्हे वापरण्यात आली. तथापि, कोणते चिन्ह कोणाचे, हे प्रचारातून मतदारांच्या मनावर पुनःपुन्हा बिंबवले जात होते. वेब अनुप्रयोगातील आयकॉनला असा प्रचार क्वचितच लाभतो.

शब्दांची जोड :
परीक्षा अर्जात 'जतन करा' आणि 'सादर करा' यांतील फरक विद्यार्थ्याला कळला नाही, तर भरलेला अर्जही मुदतीत पोहोचत नाही. म्हणून महत्त्वाच्या क्रियांच्या आयकॉनशेजारी शब्द कायम दिसावा. माउस नेल्यावरच प्रकट होणारी सूचना पुरेशी नाही, कारण मोबाइलच्या स्पर्शपडद्यावर माउस नसतो. एका अनुप्रयोगात एका चिन्हाचा अर्थ सर्वत्र एकच असावा, आणि नोंद नष्ट करण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत विचारणा व्हावी.

दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या बाबतीत शब्द अनिवार्यच ठरतो. पडदा वाचून दाखविणारी प्रणाली नाव न दिलेल्या आयकॉनपाशी अनेकदा केवळ 'बटण' एवढेच उच्चारते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या १९९९ पासूनच्या सुगमता मार्गदर्शक तत्त्वांत चित्रांना शब्दरूप पर्याय देण्याची अपेक्षा आहे.

समारोप :
आयकॉनमुळे जागा वाचते आणि नित्य वापरणाऱ्यास क्रिया चटकन सापडते. परंतु वर्षातून एकदाच अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला ती ओळख नसते. त्याच्यासाठी आयकॉन हा शब्दाचा सहायक असावा, पर्याय नव्हे. अनुप्रयोग स्वीकारताना महाविद्यालयांनी तो प्रथमच वापरणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेणे हितावह ठरेल.