हद्दीबाहेरची फिर्याद

१९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याच दिवशी १८६० च्या दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. कलमांचे आकडे बदलले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८. वकिलांना ही सगळी उजळणी नव्याने करावी लागली. सामान्य माणसाचे मात्र आकड्यांवाचून काही अडत नाही. त्याचा फौजदारी कायद्याशी संबंध येतो तो बहुधा पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, फिर्याद देताना. त्या टेबलापुरते नव्या संहितेतले सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे १७३.

त्याआधी एक जुनाच भेद लक्षात घ्यावा लागतो. गुन्हे दखलपात्र आणि अदखलपात्र अशा दोन प्रकारचे असतात. खून, दरोडा, बलात्कार, घरफोडी हे दखलपात्र; त्यांत पोलिसांना गुन्हा नोंदवून थेट तपास सुरू करता येतो. किरकोळ मारहाण, शिवीगाळ, बदनामी हे अदखलपात्र. त्यांत पोलीस फक्त नोंद घेतात आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात तपास होत नाही. ठाण्यात याला ‘एनसी’ म्हणतात. एनसीची प्रत हातात पडली की गुन्हा दाखल झाला असे समजून घरी जाणारे लोक कमी नाहीत. नव्या कायद्याने या यादीत एक भर घातली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी, जिच्यात पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे, ती आता अदखलपात्र धरली जाते. स्वस्तातला मोबाइल गेला तर हा फरक लगेच जाणवतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोठेही घडलेला असो. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ या उत्तराला आता कायद्यात जागा नाही. नागपूरहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाची दागिन्यांची बॅग भुसावळ ते मनमाड या टप्प्यात चोरीला गेली आणि ते दादरला उतरताना लक्षात आले, तर फिर्याद दादरलाच देता येते. ते ठाणे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवते आणि कागदपत्रे संबंधित लोहमार्ग पोलीस ठाण्याकडे पाठवते. तिथे त्याला नेहमीचा क्रमांक पडतो. शून्य क्रमांकाची ही पद्धत पूर्वीही होती, पण ती परिपत्रकांच्या आणि न्यायालयांच्या आधारावर चालत असे. आता खुद्द कलमातच हद्दीची अट काढून टाकली आहे.

खबर तोंडी देता येते, लेखी देता येते आणि आता ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र इलेक्ट्रॉनिक खबर देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, तरच ती नोंदीवर घेतली जाते. ईमेल पाठवून स्वस्थ बसलेल्याची फिर्याद तिथेच अडकते. तोंडी खबर पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची असा नियम आहे. वाचून दाखवलेले नीट ऐकणे फिर्यादीच्या हिताचे असते. हिसकावून नेलेला मोबाइल कागदावर ‘गहाळ’ झाला, तर गुन्हाच उरत नाही आणि तपासही होत नाही. सही करण्यापूर्वी हा एक शब्द तपासला तरी पुढची बरीच पायपीट वाचते.

याच कलमात एक पळवाटही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले होते की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. आधी चौकशी करायची ती मोजक्या प्रकारच्या प्रकरणांतच. नव्या संहितेने ही मोकळीक वाढवली. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत ठाणे अंमलदाराला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी आणि नव्याने स्वतंत्र गुन्हा ठरलेली सोनसाखळीसारखी हिसकाहिसकी, दोन्हींची शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्याने ती या कक्षेत येतात. खोट्या तक्रारी रोखणे हा तरतुदीचा हेतू सांगितला जातो आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण चोरीचा माल चौदा दिवस वाट पाहत नाही. फिर्यादीने अशा वेळी उपअधीक्षकांची परवानगी घेतली आहे का, एवढे विचारावे. परवानगीशिवाय ही चौकशी करता येत नाही.

ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला तर मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवावी, कारण पुढची पायरी तिच्यावर उभी असते. अधीक्षकांकडूनही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. आधीच्या पायऱ्या गाळून थेट न्यायालयात गेलेला अर्ज सहसा टिकत नाही. बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे.

गुन्हा नोंदवला गेला की त्याची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळाली पाहिजे. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी कळवायचे आहे. ही जबाबदारी नव्या कायद्याने घातली आहे. साक्षीदाराची चौकशी करायची तर पंधरा वर्षांखालील किंवा साठ वर्षांवरील पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे आहे, ते मोबाइलवर केले तरी चालते. घरझडती चालू असताना कोणाच्याही हातात कॅमेरा दिसत नसेल, तर ते विचारायला हरकत नाही.

आरोपीच्या बाजूनेही काही भर पडली आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे या जुन्या हमी कायम आहेत. पोलीस कोठडीच्या नियमात मात्र उलटा बदल आहे. पंधरा दिवसांची कोठडी पूर्वी सुरुवातीलाच संपवावी लागे. आता ती गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. तपासाला ही सोय आहे, जामिनाची वाट पाहणाऱ्याला नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात करावा. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.