पडदा तोच, बॅटरी वेगळी

अहिल्यानगर रस्त्यावरच्या केसनंद फाट्यावर गाडी अडकली की हात आपोआप गाडीतल्या पडद्याकडे जातो. फोन जोडल्यावर दिसणारा नकाशा फोनचाच. गाडी नुसता आरसा धरते. पेट्रोल असो वा वीज, इथवर सगळं सारखंच.

फरक कळतो गाडी उभी राहिल्यावर. इंजिन बंद करून गाणी ऐकत बसलात, तर सगळा भार १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती उतरली की स्टार्टर नुसता कटकट करतो. विजेच्या गाडीत मोठी बॅटरी धाकटीला भरवत राहते. याच रस्त्यावर पुढे रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉन या गाडीच्या २०२३च्या इलेक्ट्रिक रूपात १२.३ इंची पडदा आला, उभ्या गाडीत व्हिडिओ बघायच्या सोयीसकट. पेट्रोलवालीला १०.२५.

अहिल्यानगरपर्यंत चार्ज पुरेल का? ते मात्र फोनला सहसा ठाऊक नसतं, गाडीलाच विचारायचं.