शेळीच्या पोटातला बिऱ्हाडकरू

शेळी चरायला सोडली की तिचं तोंड गवतात कमी आणि डहाळ्यांत जास्त. मागच्या दोन पायांवर उभी राहते, पुढचे बुंध्याला टेकवते आणि मान ताणून पाला ओढते. म्हणून दहा-पंधरा शेळ्या पाळणाऱ्याने कुरणात झाडं लावली, तर तो तिला नवं काही शिकवत नाही. तिचं ताट तेवढं उंचावर मांडतो.

अशा झाडांत सुबाभळीची कहाणी सगळ्यात अजब. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेची ही बाई स्पॅनिश जहाजांतून फिलिपाइन्सला पोचली आणि मग उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरली. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बायफ’ने तिचा मोठा प्रचार केला. पाल्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं. मुळं खोल, त्यामुळे गवत वाळून कोळ झालं तरी ही हिरवीच. शिवाय मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. गळलेल्या पाल्यातून आणि लेंड्यांतून तो आजूबाजूच्या गवताला मिळतो. म्हणजे झाड गवताची जागा अडवतं आणि त्याचं भाडंही भरतं.

पण सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. घोड्यागाढवांनी हा पाला भरपूर खाल्ला की शेपटीचे आणि आयाळीचे केस गळतात. मेंढ्यांची लोकर कात्रीविना उतरवायला मायमोसिन वापरता येईल का, हेसुद्धा ऑस्ट्रेलियात तपासून झालं आहे! रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटातले जिवाणू मायमोसिन मोडतात खरे, पण त्यातून डीएचपी नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉइड ग्रंथीच्या मुळावर येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गुरं सुबाभूळ खाऊन लाळ गाळत, गळ्याशी गलगंड धरत आणि इतका सकस पाला खाऊनही तो त्यांच्या अंगी लागत नसे.

गंमत अशी, की हवाई बेटांवर शेळ्या हाच पाला पोटभर खात होत्या आणि धडधाकट होत्या. झाड तेच, विष तेच. मग फरक कुठे?

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले रेमंड जोन्स या कोड्यामागे लागले. त्यांचा तर्क साधा आणि धाडसी होता: फरक शेळीत नसेल, शेळीच्या पोटात कोण राहतं यात असेल. हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटातला द्रव १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांच्या पोटात सोडला गेला. थोड्याच दिवसांत त्यांच्या मुतातलं डीएचपी जवळजवळ नाहीसं झालं. आपण विरजणाची चमचाभर कवडी दुधात घालतो, तसंच हे. फक्त भांडं जिवंत आणि चार पायांचं.

त्या द्रवातला डीएचपी खाणारा जिवाणू पुढे वेगळा काढला गेला आणि १९९२ मध्ये त्याचं बारसं झालं: सिनर्जिस्टिस जोन्सी. आडनाव अर्थातच जोन्स यांचं. कळपातल्या प्रत्येक जनावराला तो पाजावाही लागत नाही. दोघा-चौघांना पाजला की एकत्र चरता-पिता तो बाकीच्यांत पोचतो. आज क्वीन्सलँडमध्ये लाखाच्या वर हेक्टरांवर सुबाभळीच्या ओळी आणि मधल्या पट्ट्यांत गवत अशी कुरणं आहेत. मला तर हे एखाद्या शेतकऱ्याने गडी पाठवून दुसऱ्याचं काम मार्गी लावण्यासारखं वाटतं. गडी तेवढा डोळ्यांना न दिसणारा.

विज्ञानाची गोष्ट मात्र इतक्या सरळ वळणावर थांबत नाही. अलीकडच्या अभ्यासांत दिसलं, की हा जिवाणू वाटला होता त्यापेक्षा जगात बराच पसरलेला आहे, आणि सरावलेल्या जनावरांत डीएचपी निष्प्रभ करण्यात यकृताचाही मोठा वाटा असतो. काही जनावरांच्या मुतातून ते भरपूर बाहेर पडत असतं, तरी ती ठणठणीत असतात.

आपल्याकडच्या पशुपालकाला जिवाणूचं नाव ठाऊक नसलं तरी शहाणपण ठाऊक असतं. सुबाभूळ रोजच्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायची, बाकी कडबा, सुकं गवत, शेवरी, हादगा. झाड कंबरेएवढं ठेवून छाटत राहायचं, म्हणजे फूट कोवळी येते आणि शेळीला उड्या माराव्या लागत नाहीत. छाटणी चुकली तर शेंगा धरतात, बी पडतं आणि पुढल्या पावसात बांधाबाहेर सुबाभळीचं रान माजतं. ही तक्रार खोटी नाही. आणि पाला नव्याने सुरू करायचा तर मूठ-मूठ वाढवत न्यायचा.

तोवर बांधावरची शेळी पुन्हा दोन पायांवर उभी राहिलेली असते, आणि तिच्या आत ते बिनभाड्याचं बिऱ्हाड आपलं काम करत असतं.