सर्वांचे सॉफ्टवेअर सांभाळते कोण?



काट्यावर गाडी चढली की वजनाची पावती आता संगणकातून निघते. संगणकाने काय करायचे त्याच्या लेखी सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. बरेच सॉफ्टवेअर कंपन्या विकतात. पण काहींची मूळ संहिता सर्वांना खुली असते. कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी. मग जे सर्वांचे, ते सांभाळायचे कोणी? सामाईक विहिरीतला गाळ काढायची वेळ आली की काय होते, हे आपल्याला सांगायला नको!

अमेरिकेतले एक उदाहरण पाहू. संकेतस्थळांची पाने मागणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या 'अपाचे' या सॉफ्टवेअरचे काम १९९५ साली आठ जणांच्या गटाने हाती घेतले. व्याप वाढला. देणगी कोणाच्या नावे घ्यायची, कोर्टकज्जा झाला तर जबाबदार कोण, असे प्रश्न आले. म्हणून १९९९ साली 'अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही ना-नफा संस्था नोंदवली गेली.

संस्था संहिता ठेवायला जागा देते, नावाचा ट्रेडमार्क जपते, देणग्यांचा हिशेब ठेवते आणि काम करणाऱ्यांना कायद्याचे कवच देते. तांत्रिक निर्णय मात्र प्रत्येक प्रकल्पाची समितीच घेते. सभासद फक्त व्यक्ती. कंपनीला सभासदत्व नाही. सभासद दरवर्षी नऊ संचालक निवडतात. देणगी कितीही मोठी असो, तिच्यामागे मत मिळत नाही. हे आपल्या 'एक सभासद, एक मत' सारखेच झाले. फरक एवढाच, की तिथे शेअर घेऊन सभासद होता येत नाही. काम पाहून जुने सभासद नव्याला निवडतात. नफावाटप तर नाहीच.

पण एक दुखणे आहे. संहिता लिहिण्याबद्दल संस्था पगार देत नाही. काहींना त्यांच्या कंपन्या पोसतात, बाकीचे फावल्या वेळात राबतात. याच संस्थेच्या 'लॉगफोरजे' या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला मोठा दोष डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला. त्यातून परक्याला दुसऱ्याच्या संगणकावर हुकूम चालवता येत होता. जगभरच्या बड्या कंपन्या हादरल्या. दुरुस्तीचा भार पडला तो मूठभर स्वयंसेवकांवर. फुकट वापरणारे अगणित होते, हात लावणारे थोडे!

संस्था नोंदवली, घटना लिहिली, म्हणजे काम भागले असे नाही. आपणही ऊस घालून मोकळे होतो आणि वार्षिक सभेच्या दिवशी घरी बसतो. यंदा तेवढे करू नये, ही विनंती.