थंडीत पिकअप उठत नाही? आधी हे तपासा, मग मिस्त्रीला फोन करा



तुरीचे कट्टे, कापूस, भाजीपाला, सगळा माल पहाटेच निघतो. आणि नेमकी पहाटेच गाडी रुसते. चिखली, बुलढाणा हा आपला घाटावरचा भाग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे चालणारी गाडी वर रात्रभर उघड्यावर राहिली की सकाळी कुरकुरते. म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे. पूर्ण वाचा.

*थंडीत असं का होतं?*
डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा जोरात दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. इंजिन गार असेल तर ही उष्णता कमी पडते. त्यात थंडीने बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइल घट्ट होतं.

*डिझेल गोठलं का?*
पंपावरच्या ताज्या डिझेलचं आपल्याकडे सहसा तसं होत नाही. डिझेलमध्ये मेण असतं, फार गारव्यात ते धरतं आणि फिल्टर चोंदतो. भारतीय मानकात फिल्टर चोंदण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे, हिवाळी डिझेलला ६ अंश. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याला त्याची गरज नाही. पण मे महिन्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल आता गाडीत टाकू नका. ते उन्हाळी डिझेल आहे, आणि ड्रमच्या तळाला पाणी-गाळही असतो.

*सकाळी या क्रमाने बघा*

१) *सेल्फ हळू फिरतो किंवा नुसता टकटक करतो:* बॅटरीकडे बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, गरम पाण्याने साफ करा, घट्ट बसवा, वर व्हॅसलिन लावा. निगेटिव्ह वायर शेवटी जोडा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धीच चार्ज.

२) *सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, पांढरा धूर येतो:* डिझेल जातंय, पेटत नाही. गाडीत हीटर प्लग असतील तर चावी ऑन करून मीटरवरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. तरी तेच, तर मिस्त्रीकडून प्लग आणि त्यांचा रिले तपासा. नोझल आणि पंप खोलायची घाई नको, तो खर्च मोठा असतो.

३) *सेल्फ फिरतो, धूरच नाही:* डिझेल पोचत नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून पाणी काढा. पाईपचे जोड ओले आहेत का बघा. गाडीने एअर घेतली असेल तर हातपंपाने काढा.

४) *चालू होते, पण ओढत नाही, ॲव्हरेज पडलं:* काळा धूर असेल तर एअर फिल्टर काढून बघा. मळणीच्या दिवसांत तो भुश्शाने भरतो. धूर नाही आणि तापमानाचा काटा वर चढतच नाही, तर थर्मोस्टॅट बघा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन गारच राहतं आणि डिझेल जास्त खातं.

५) *गरम झाल्यावरही पांढरा धूर, कूलंटही कमी होतं:* हा थंडीचा दोष नाही. हेड गॅस्केट असू शकतं. गाडी चालवू नका, मिस्त्री बोलवा.

*हे अजिबात करू नका* ⚠️
▪️ उतारावर सोडून स्टार्ट करू नका. इंजिन बंद असेल तर ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, पॉवर स्टिअरिंग जड होतं. भरलेली गाडी राजूर घाटासारख्या उतारावर अशी सोडली, तर ती पाय दाबून थांबणार नाही.
▪️ टाकीखाली जाळ करू नका.
▪️ बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.
▪️ डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. पंप आणि नोझलला वंगण मिळत नाही, ते झिजतात.
▪️ सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.
▪️ हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका. आत भडका उडतो, इंजिन फुटू शकतं.

*आदल्या रात्री पाच मिनिटं द्या*
टाकी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेत रात्री दव धरतं आणि पाणी डिझेलात उतरतं. गाडी आडोशाला लावा. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. सकाळी सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. अर्धा-एक मिनिट थांबा, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश न्या.

मिस्त्रीला फोन केला तर तीन गोष्टी नक्की सांगा: सेल्फ कसा फिरतो, धूर कोणत्या रंगाचा आहे, डिझेल कधी आणि कुठून भरलं. अर्धं काम तिथंच होतं.

घरात गाडी दुसरं कोणी चालवत असेल, तर हा मेसेज त्यांनाही पाठवा.