तीन पावलं की दोन?

जानेवारी 2018. आमच्या भागातल्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत मुलींचा सामना सुरू होता आणि शिट्टी माझ्या गळ्यात होती. शेवटची काही सेकंदं, एका गुणाचा फरक. पिछाडीवरच्या संघातली एक मुलगी ड्रिबल करत घुसली, चेंडू उचलला, दोन ढांगा टाकल्या आणि बोर्डावरून बास्केट केली. त्याआधीच मी शिट्टी फुंकून दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या होत्या. ट्रॅव्हलिंग! बास्केट रद्द, चेंडू समोरच्यांना, सामना संपला. प्रेक्षकांतून तिची आई ओरडली, ‘‘सर, एरडे हेज्जे!’’ दोनच पावलं! मी तर चांगली तीन मोजली होती.

त्या वर्षी दिवाळीत ताईचा मुलगा लोहारद्याहून आला. लोहारदा म्हणजे मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यात. पोरगा शिकायला इंदुरात असतो आणि तिथं खेळतो. अंगणात त्यानं मला तीच चाल करून दाखवली आणि मी लगेच म्हटलं, ‘‘ट्रॅव्हल.’’ तो हसला. ‘‘मामा, चेंडू हातात आला तेव्हा जो पाय जमिनीवर होता, तो आता मोजतच नाहीत. नियम वाचला नाहीत का?’’

खरंच वाचला नव्हता. आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, 1 ऑक्टोबर 2017 पासून नियमाची शब्दरचना बदलली होती. धावता खेळाडू चेंडू पकडतो किंवा ड्रिबल संपवतो, त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय म्हणजे शून्य. त्यानंतर टेकेल ते पहिलं पाऊल, पुढचं दुसरं. तिसरं टेकण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. म्हणजे सोन्ने, ओंदु, एरडु! मात्र पळता पळता पास घेऊन ड्रिबल सुरू करायचं असेल, तर दुसरं पाऊल टेकण्याआधीच चेंडू सोडावा लागतो. उभ्या खेळाडूला ही शून्याची सवलत नाही. त्याचा एक पाय खिळ्यासारखा जागेवर, दुसरा हवा तसा फिरवा. तो खिळ्याचा पाय उचलला की लगेच फाउल, असं आपल्याकडे कित्येकजण समजतात. तसं नाही. शॉट किंवा पास करताना तो उचलता येतो, पण चेंडू सुटेपर्यंत पुन्हा टेकवायचा नाही. ड्रिबल सुरू करताना मात्र चेंडू आधी सुटायला हवा, पाय नंतर.

तेव्हा पंचानं पायांआधी हात पाहायचे. चेंडू हातात नेमका कधी स्थिरावला, हे ठरल्याशिवाय मोजणीला सुरुवातच होत नाही. चेंडू हातात घोळत असताना पावलं कितीही पडोत. माझी चूक तिथंच होती. मी उजवा पाय मोजला, तेव्हा चेंडू तिच्या हातात नुकता येत होता.

गंमत म्हणजे हा घोळ खेळाच्या जन्मापासूनचा आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. त्यातल्या तिसऱ्यात चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथं पकडला तिथूनच टाकायचा, असं सांगितलंय. पण वेगात येऊन पकडणाऱ्याला थोडी सूट द्यावी, असंही. थोडी म्हणजे किती? ते पंचानं ठरवायचं! आपल्या खो-खोत बरं असतं, एकदा दिशा घेतली की बदलायची नाही.

ती मुलगी तोवर पदवी घेऊन गेली होती. दोन महिने टाळाटाळ करून शेवटी तिला फोन लावला. निकाल काही बदलणार नव्हता, तरी सांगितलं, ‘‘बाळ, तुझी बास्केट बरोबर होती.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, ‘‘मला ठाऊक होतं, सर. पण हे अम्माला सांगा. ती अजून तुमच्यावर चिडून आहे.’’ आणि तिनं फोन आईकडे दिला.